एकशेवीस-ऐंशी

"काका, एकोणीस वेळा! आकडा एकदाही हलला नाही बघा," म्हणत चॅम्पियनच्या लेकीनं तंदुरुस्तीच्या दाखल्यांची चळत दवाखान्याच्या टेबलावर ठेवली. मुष्टियुद्ध संघटनेच्या कपाटातून ती सकाळीच त्यांच्या नकला घेऊन आली होती.

कंपाउंडरकाकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. जुने डॉक्टर गेले, त्यांची मुलगी त्यांच्या खुर्चीत बसू लागली, पण पुड्या बांधायला काका तेच होते. बाहेर बाकावर चॅम्पियन बसला होता, स्वेटरची बटणं चुकीच्या काजांत आणि नजर समोरच्या भिंतीवर.

"आताचे कसले गं चॅम्पियन!" काका सवयीनं सुरू झाले. "वर्षातून एकदा किताब पणाला लावायचा आणि बाकी वर्षभर जाहिरातीत दात दाखवायचे. तुझा बाप जवळजवळ दर महिन्याला उतरायचा. दोन वर्षांत एकोणीस लढती! नाही म्हणणं त्याला ठाऊकच नव्हतं."

"हे दाखलेच तर आडवे आलेत." तिनं पत्र पुढे केलं. "वृद्ध खेळाडूंच्या निवासात खेळामुळे आजारी पडलेल्यांनाच जागा, बाबांना नाही म्हणतात. प्रत्येक लढतीआधी तपासून तंदुरुस्त ठरवलं होतं, म्हणजे हा विसरण्याचा आजार ठोशांचा नाही, असं त्यांचं म्हणणं. काल गॅस चालू ठेवून बाहेर निघून गेले हो! मी कामावर गेल्यावर कोण बघणार? तुम्ही तर तपासणीला असायचात. काही बारीकसारीक दिसलं असेल, तर आठवून लिहून द्या."

काका एकेक दाखला उलटू लागले. खाली सही डॉक्टरांची, वरचं अक्षर मात्र त्यांचं स्वतःचं. रक्तदाब एकशेवीस-ऐंशी. पुन्हा एकशेवीस-ऐंशी. मग एकाच महिन्यातल्या दोन तारखा लागोपाठ आल्या, एक चारची, दुसरी तेराची. मध्ये नऊच दिवस.

त्या नऊ दिवसांत चॅम्पियन इथे कानात औषध घालून घ्यायला आला होता. "मी जिंकलो ना रे?" त्यानं विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर घटकाभरानं पुन्हा तेच विचारलं. सगळा दवाखाना हसला होता. काका तर पोट धरून हसले होते.

पुढचा दाखला त्यांनी उलटलाच नाही.

"काका, काय झालं?"

"मोजलंच नव्हतं गं."

"काय मोजलं नव्हतं?"

"काहीच नाही. डॉक्टर कोऱ्या दाखल्यांवर सह्या करून ठेवायचे. आकडे मी टाकायचो. पुस्तकात एकशेवीस-ऐंशी लिहिलंय, म्हणून तेच. दर महिन्याला त्या रेड्याला काय तपासायचं, असं म्हणायचो आम्ही."

"एकोणीस वेळा?"

"एकोणीस वेळा."

ती स्टुलावर बसली. "मी शाळेत सगळ्यांना सांगायचे," ती म्हणाली, "माझ्या बाबांना दर महिन्याला डॉक्टर तपासतात."

काकांना तिच्याकडे बघवेना. एवढी वर्षं ज्या लढतींच्या बढाया मारल्या, त्या सगळ्यांना परवानगी त्यांच्याच हातानं दिली गेली होती. त्यांनी कोरा कागद ओढला. जे सांगितलं ते शब्दन् शब्द लिहिलं आणि खाली पूर्ण नावानिशी सही केली. हा कागद डॉक्टरीणबाईंच्या हाती पडला की चाळीस वर्षांच्या नोकरीवर पाणी पडणार, हे त्यांना कळत होतं. तिनं कागद घेतला, पण नेहमीसारखं "येते काका" म्हणाली नाही.

मग काका रक्तदाबाचं यंत्र आणि स्टेथोस्कोप घेऊन बाहेर बाकाशी गेले. त्यांना बघताच चॅम्पियननं बोटं फाकवून दोन्ही हात पुढे केले, लढतीआधी पट्ट्या बांधून घ्यायला करायचा तसेच.

"आज कुणाशी आहे रे?"

"कुणाशीच नाही. हात ढिला सोड."

काकांनी एका दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगा दाबत राहिले. हवा सोडताना पारा फार वर असतानाच ठोके ऐकू आले. त्यांनी पुन्हा मोजलं, आणि आला तोच आकडा लिहिला.

"झालो ना पास?" चॅम्पियननं विचारलं. दुसरा हात अजून तसाच पुढे होता.