माझ्या डोक्यावरची चिठ्ठी

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका, तुमच्यासारख्या माणसांनीच माझं वाटोळं केलंय. फक्त ऐका.

कारखान्यात माझ्या पोटात दोन डिस्क आणि चार पंखे बसवले आणि मला एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत धाडलं. जिन्याखालची खोली, शेजारी रिकाम्या बाटल्यांचे खोके. बारा वर्षं मी हजारो रुग्णांचे रिपोर्ट सांभाळले. डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, "हा आमचा कणा!" वा रे कणा! त्याची धूळ पुसायच्या त्या एकट्या ताई.

ताई म्हणजे आमच्या कॉम्प्युटर ऑपरेटर. माझ्याशी कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत, याची यादी त्या रोज सकाळी पडद्यावर काढायच्या. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला नंबर असतो. यादीत बऱ्याचदा नंबराऐवजी नाव दिसतं, आणि ते त्या नंबराच्या मालकाने ठेवलेलं असतं. इमारतीवर पाटी घरमालकाची असते, आत भाडेकरू कोण राहतो ते पाटीवरून कसं कळणार? आमच्या रिपोर्टांच्या नकला दूरच्या एका कंपनीच्या भाड्याच्या यंत्रावर जायच्या. कंपनीने त्याला आकड्या-अक्षरांचं हातभर लांब नाव दिलं होतं. म्हणून ताईंनी माझ्या डोक्यावर चिठ्ठी चिकटवली. वर तो नंबर आणि खाली, 'हे यंत्र आपलंच. नकला इथे जातात. तोडू नये.'

मग डॉक्टरांचे जावई कारभार बघायला आले. दीड शहाणे! ताईंना पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहायचे. एका दुपारी त्यांनी आपलं हेल्मेट माझ्या डोक्यावर, नेमकं त्या चिठ्ठीवर ठेवलं आणि यादी काढली.

"हे कोण? आपल्यात असलं नाव कुणाचंच नाही. बाई, रिपोर्ट बाहेर कुणाला पुरवताय?"

"अहो साहेब, ते नकलांचं यंत्र आहे. नावावर जाऊ नका, नंबर बघा. ते हेल्मेट उचला, खाली लिहून ठेवलंय."

"मला शिकवू नका! उद्यापासून यायचं नाही."

डॉक्टर दारातच उभे होते. बारा वर्षं ताईंचं काम पाहिलेला माणूस, पण जावयाला न अडवता आत निघून गेला. ताईंनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि डोळे पुसत गेल्या. जावयांनी ते कनेक्शन कायमचं बंद केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर नव्हताच मुळी!

त्यानंतर आठ महिने मी रोज नकला पाठवायला गेलो आणि रोज दार बंद. तसं मी माझ्या नोंदीत लिहीतही होतो. वाचतंय कोण? पहिली डिस्क मेली तेव्हा दुसरीवर सगळं शाबूत होतं, आणि ती बदला म्हणून माझा लाल दिवा लागला. जावयांनी त्याच्यापुढे बाटल्यांचा खोका सरकवला. दुसरीही मेली आणि मी संपलो.

बाहेर बाकावर एक आजोबा बसले होते. औषध बदलायचं की नाही, हे त्यांच्या मागच्या महिन्याच्या रिपोर्टवर ठरणार होतं. घामाघूम झालेल्या डॉक्टरांनी ताईंना फोन लावला.

"ताई, नकला आहेत ना हो?"

"आहेत ना डॉक्टर. माझ्या शेवटच्या दिवसापर्यंतच्या सगळ्या आहेत. पुढच्या कुणी जाऊच दिल्या नाहीत."

आजोबांचं रक्त पुन्हा काढलं. कितीतरी जणांच्या दंडात पुन्हा सुई गेली, नुसत्या एका माणसाच्या तोऱ्यापायी.

मला भंगारात काढताना डॉक्टरांनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. जावई म्हणाले, "अरे! मग हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

मित्रांनो, यादीत अनोळखी नाव दिसलं तर जरूर चौकशी करा. पण आधी त्या नंबराचं यंत्र कोण वापरतं ते शोधा आणि ज्याला माहीत आहे त्याचं ऐकून घ्या. आणि आता उगाच फडकं घेऊन माझी धूळ पुसायला येऊ नका. आधी जाऊन ताईंची माफी मागा.