हसनाबादची कोसॅक

आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गावातून मिरवणूक निघते आणि प्रत्येक वर्ग इतिहासातला एकेक देखावा करतो; परत आल्यावर मैदानावर त्या देखाव्यावर भाषणही असतं. यंदा नववीनं काय करायचं, असं इतिहासाच्या धर्मराज सरांनी विचारलं, तेव्हा राधेश्याम म्हणाला, "सर, मागच्या साली पुठ्ठ्याचा किल्ला केल्ता, तो स्टोअररूममधी पडून हाय. तोच झटकू."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, कोसॅक करू."

मी आठवीतली अफ्रीन असते तर उभीच राहिले नसते. पण दिवाळीच्या आधी मी भोकरदनला वक्तृत्व स्पर्धेत बोलून आले आणि मला एक गोष्ट कळली, की पाय फक्त पहिलं वाक्य होईपर्यंत कापतात. पुढं कुणी थांबवलं तरी आपण थांबत नाही.

"कोन कोसॅक?" राधेश्याम म्हणाला.

मग मी सांगितलंच. ग्रंथालयात युरोपच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आहे, ते मी सोडून कुणी घरी नेत नाही. त्यात आहेत ते. आजच्या युक्रेनमधल्या नीपर नदीच्या खालच्या अंगाला, मोकळ्या गवताळ रानात राहणारी माणसं. कुणी जमीनदाराच्या जाचाला कंटाळून पळून आलेलं, कुणी नुसतंच डोकं फिरलं म्हणून आलेलं. त्यांना हुकूम सोसायचा नाही. तरी पोलंडच्या राजाला सरहद्द राखायला तीच माणसं लागायची. म्हणून राजानं त्यांच्यातल्या काहींची नावं नोंदवून घेतली, त्यांना पगार बांधून दिला आणि फौजेत घेतलं. पगार वेळेवर कधी यायचा नाही, तो भाग वेगळा. पुढं रशियाच्या झारच्या फौजेत गेले तेव्हाही तेच. बंदूक सरकारची, पण घोडा स्वतःचा, खोगीर स्वतःचं, अंगावरचा कपडासुद्धा घरून आणायचा.

"म्हणजे राजा त्यांना बोलवायचा, पण घोड्याचा मालक राजा नव्हता," मी म्हणाले. हे वाक्य मी पाठ केलेलं होतं.

"त्यांनी लुटालूटपण रग्गड केली, तेही सांग," धर्मराज सर म्हणाले. पण ते हसत होते. फळ्याकडं वळून त्यांनी दोन शब्द लिहिले. शिलेदार आणि बारगीर. "अशी रीत आपल्याकडंही होती. जालन्याला छावणी होती, तिथं घोडदळ असायचं. जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला यायचा तो शिलेदार. ज्याच्याकडं घोडा न्हाई, जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढायचा, तो बारगीर. अफ्रीन, विषय चांगला हाय. पण पुठ्ठ्याचा घोडा चालायचा न्हाई याला."

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. कारण गावात घोडी एकच, नूरी, आणि ती आमची. अब्बा लग्नसराईत तिला घेऊन गावोगाव जातात. वर्गातल्या पोरी मला पाचवीपासून 'घोडीवाली' म्हणतात. आधी मी मान खाली घालायची.

"घोडीवाली आणंल घोडी," मी म्हणाले. मीना, जी माझी जिवाची मैत्रीण आहे, तिनं बाकाखालून माझा हात दाबला.

घरी आल्यावर दप्तर टाकलं आणि सगळं एका दमात सांगितलं. अब्बा नूरीला खरारा करत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नूरी आयेगी. लगाम मेरे हाथ में रहेगी."

"अब्बा, कोसॅक की लगाम उसका बाप पकडता क्या?"

"दुल्हे की मैंच पकडता. आज तक एक दुल्हा नहीं बोला कुछ."

"मैं दुल्हा नहीं हूँ."

"इसीलिए तो पकडूंगा. दुल्हा गिरा तो उसका बाप देखेगा."

अम्मी आतून हसली. मला रडू येत होतं, पण मी ठरवलं होतं की यंदा भांडायचं, रडायचं नाही. मी दादांकडं गेले. माझे दादा, म्हणजे आजोबा, पाशामियाँ, ओट्यावर बसून बिडी विझवत होते. म्हटलं, आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या घोड्याचं काम, दादांचे पूर्वज जालन्याच्या छावणीत होते हे तर मी लहानपणापासून ऐकलंय. म्हणजे आपण शिलेदार. शिलेदाराच्या घरातल्या पोरीला लगाम मिळाला पाहिजे, असं दादांनी अब्बांना ठणकावून सांगावं.

दादा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"शिलेदार? कौन बोला तेरे को? बारगीर थे हम. घोडा देशमुख का, जीन देशमुख की, तलवार भी उन्हींच की. हमारा क्या था? पीठ हमारी थी. घोडा मरा तो देशमुख रोता था. आदमी मरा तो घर के लोगां."

माझं तोंड उतरलं. भाषणाचं शेवटचं वाक्य मी मनात लिहून ठेवलं होतं, 'मी एका शिलेदाराची वंशज.' ते गेलंच.

"मेरे बाप ने भी दुसरे का टांगा चलाया," दादा पुढं बोलत राहिले, जणू गंमतच सांगतायत. "मैंने भी. नूरी लाया तेरे बाप ने. इस घर में अपना घोडा वो पहला."

मी अब्बांकडं बघितलं. ते नूरीच्या मानेवरची आयाळ विंचरत होते आणि आपल्याविषयी काही बोलणं चाललंय हे ऐकूच येत नाही असं दाखवत होते. एवढ्या पिढ्यांनी दुसऱ्याच्या घोड्यावर आयुष्य काढलं, आणि पहिला शिलेदार हा, मळक्या बनियनमधला माझा अब्बा. मला एकदम हसू फुटलं. जे वाक्य गेलं त्याच्यापेक्षा हे चांगलं होतं.

"अब्बा," मी म्हणाले, "शिलेदार की बेटी भी शिलेदार होती के नहीं?"

अब्बांनी आयाळीतली शेवटची गाठ सोडवली. मग म्हणाले, "सुबह आ मैदान में. देखते."

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या आधी रोज सराव. गावाबाहेर कापूस उपटून मोकळ्या झालेल्या रानात नूरी आणि मी. अब्बा बांधावर बसायचे. पहिल्याच दिवशी मी खाली आले, कोपर खरचटलं, अब्बा जागचे हलले नाहीत. ते हलले नाहीत याचंच मला बरं वाटलं. नूरी पांढरी आहे, उंच आहे आणि तिला सगळं कळतं. टाच नुसती लावली की चालते, लगाम किंचित ओढला की थांबते, डावीकडं म्हटलं की डावीकडं. आठवड्याभरात मी तिला रानाच्या कडेकडेनं अशी फिरवायला लागले, की अब्बा बांधावर बसून पेपर वाचायला लागले. शेवटी म्हणाले, "ठीक है. लगाम तेरी. मैं पीछे चलूंगा, लाइन के पीछे. लेकिन गडबड हुई तो मैं पकडूंगा, और फिर तू कुछ नहीं बोलेगी."

"नहीं बोलूंगी."

आमच्याकडून चूक झाली ती इथंच, आणि ती आमच्यासारख्या वरातीच्या घोडीवाल्यांकडूनच होऊ शकते. रोजच्या सरावात सगळं होतं, फक्त बँड नव्हता.

सव्वीस तारखेला अम्मीनं अब्बांच्या जुन्या काळ्या शेरवानीचा कोट मला बेतून दिला आणि घोंगडीच्या तुकड्याची उंच टोपी शिवली. आरशात मी इतकी भारी दिसत होते, की मीनानं मला दोनदा गोल फिरवून बघितलं. तिच्या हातात पाटी होती, 'कोसॅक : फौज राजाची, घोडा आपला'. माझ्यामागं वर्गातली बाकीची पोरं पायदळ म्हणून. ज्यांच्याकडं घोडा नव्हता असे कोसॅक पायीच लढायचे, हे सांगितल्यावर राधेश्याम म्हणाला होता, "म्हंजी आमी गरीब कोसॅक. बरं बरं."

शाळेपासून वेशीपर्यंत सगळं सुरेख चाललं. दोन्ही बाजूला लोक उभे. "परवेजची पोरगी हाय," "एकटीच बसली की," असं कानावर येत होतं, आणि मी पाठ अशी ताठ ठेवली होती की दुखायला लागली. अब्बा मागं, दहावीच्याही मागं.

चौकात संपतकाकांचा बँड उभा होता. गावातल्या सगळ्या लग्नांत वाजतो तोच बँड, आज ग्रामपंचायतीनं देशभक्तीची गाणी वाजवायला बोलावला होता. संपतकाकांनी ढोलावर पहिली थाप मारली आणि नूरीचे कान उभे राहिले.

ती नाचायला लागली. पुढचे पाय आळीपाळीनं उचलून, मान हलवून, एकदम ठेक्यात. मी लगाम ओढला, तिला वाटलं शाबासकी दिली. जास्तच नाचली.

"आरं, परण्या निघाला," कुणीतरी ओरडलं. लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. "नवरदेव लई गोरा हाय बरं का." सगळा चौक हसायला लागला.

ते मी सोसलं असतं. पण मिरवणूक सरळ बाजाराकडं जायची होती आणि नूरी डावीकडं वळली, मारुतीच्या देवळाकडं. मी उजवा लगाम ओढला, टाच मारली, शेवटी कानात विनवलं. काही उपयोग नाही. आमचं पायदळ बिचारं माझ्यामागं वळलं, कारण घोडी जाईल तिकडं जा असं सरांनी बजावलं होतं. पायदळामागं दहावी वळली, आणि वरातीच्या सवयीनं बँड आणि हसणारा चौकही मागोमाग आला. नूरी देवळासमोर पारापाशी जाऊन थांबली आणि खांब रोवल्यासारखी उभी राहिली.

देवळात झाडलोट करणाऱ्या झुंबरबाई तांब्या घेऊनच बाहेर आल्या. घोडी दारात आली की तिच्या पायांवर पाणी घालायचं, ही त्यांची सवय. पाणी घातलं, मग मान वर करून बघितलं.

"अगं बया, तू व्हय. उतर मंग. नवरदेव उतरल्याबिगर ही हालत नसती."

तेवढ्यात अब्बा धावत पोहोचले. धाप लागलेली, चेहरा पांढरा. त्यांचा हात लगामाकडं आला. ते पकडणार आणि मी काही बोलणार नाही, असं ठरलं होतं. सगळा गाव बघत होता. आता अब्बांनी लगाम धरला असता तर मी पुन्हा घोडीवाल्याची पोरगीच, बसवलेली आणि नेलेली.

पण झुंबरबाईंचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं होतं. नूरी काही चुकत नव्हती. ती तिचं काम बरोबर करत होती, मलाच तिचं काम माहीत नव्हतं. अब्बांनाही नव्हतं. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की तेच तिला देवळापर्यंत नेतात.

"अब्बा, रुको," मी म्हणाले. "वो दुल्हे के उतरने का इंतजार कर री."

अब्बांचा हात तसाच हवेत थांबला.

मी उतरले. लगाम हातातच ठेवला. नवरदेव दर्शन घेऊन येईपर्यंत नूरी उभी राहते, म्हणजे माझ्याकडं तेवढा वेळ होता, आणि समोर शाळेच्या मैदानावर कधी जमली नसती एवढी माणसं होती. मी पारावर चढले. पहिल्या वाक्याला पाय कापले.

सगळं सांगितलं. नदीकाठचे कोसॅक, राजाची फौज, थकलेला पगार, तुर्कांच्या मोठ्या स्वारीत तेच राजाच्या बाजूनं कसे पाय रोवून उभे राहिले. लुटालूटही सांगितली, सर समोर होते म्हणून. मग जालन्याची छावणी, शिलेदार, बारगीर. हसणं बंद झालं होतं. संपतकाकांनी ढोलावरचा हातसुद्धा काढून घेतला होता.

"माझ्या घरातले लोक बारगीर होते," मी म्हणाले. "घोडा दुसऱ्याचा, त्यावर बसून ते लढले. ही घोडी दुसऱ्याची नाही. ही माझ्या अब्बांनी आणली, स्वतःच्या मेहनतीवर. आमच्या घरातले पहिले शिलेदार ते तिथं उभे आहेत."

सगळ्या माना अब्बांकडं वळल्या. अब्बांना कुठं बघावं कळेना. त्यांनी उगाच नूरीचं खोगीर चाचपलं.

टाळ्या वाजत होत्या तेव्हाच मी संपतकाकांना हाक मारली, "काका, दर्शनानंतर घोडी कुटं जाती?"

"बँडामागं. मांडवात."

"मंग बँड बाजारातून शाळेकडं न्या की."

ते हसले, ढोल सावरला आणि पुढं निघाले. नवरदेवाला दोघंतिघं मिळून उचलून बसवतात. राधेश्याम आणि आणखी कुणी पुढं आले, मी त्यांना हातानंच थांबवलं. रिकिबीत पाय घातला आणि एका झोकात वर. टोपी तेवढी पडली, ती मीनानं उचलून पाटीच्या काठीवर अडकवली.

नूरी नाचत निघाली. मी आता लगाम ओढलाच नाही, सैल धरला, आणि तिच्या ठेक्यावर बसायला शिकले. बाजारात वळताना मागून ओळखीचा आवाज आला. चहावाले देवानंदकाका अब्बांना विचारत होते, "परवेजभाई, आज घोडी मोकळीच सोडली का?"

"मोकळी कुटं," अब्बा म्हणाले. ते गावात मराठी बोलतात तेव्हा नेहमी हळू बोलतात, आज मला पुढं बसून ऐकू आलं. "मालकीन वर बसलीय की."