निळ्याच्या मागे

“आणि या एवढ्या जागेत काहीच नाही?” बिल्डर मुराद बेंनी पडद्यावरच्या निळ्या आकाशावर बोट आपटलं. “रिकाम्या हवेचे पैसे मोजू मी? इथे पोहण्याचा तलाव टाका, इथे हसणारं कुटुंब. आणि नाव लाल करा, चांगलं ठसठशीत.”

एजन्सीचे मालक उस्ताज शरीफ टेबलाखालून रावयाला खुणावत होते, हो म्हण. आजवर ती हो म्हणतच आली होती. कैरोतल्या पुलांवर लागलेले साबण, तूप, चिप्स, सगळ्यांच्या जाहिराती तिच्या हातच्या, आणि त्यातली एकही तिला स्वतःची वाटत नसे. गिऱ्हाइकांनी कोपरान्‌कोपरा भरून घेतलेला असायचा.

पण त्या दिवशी ती बोलली.

“मुराद बे, पुलांवर ओळीने होर्डिंगं आहेत, सगळी लाल-पिवळी. लाल रंग अंगावर येतो. एकटा असला तर नजर खेचतो, सगळेच अंगावर आले की माणूस तोंड फिरवतो. निळा मागे सरतो, जागा देतो. दिवसभर गर्दीत चेंगरलेल्या माणसाला तुम्ही शहराबाहेरचं घर विकताय. त्याला आधी जागा तर दिसू द्या.”

“आणि घर एवढंसं?”

“घर एवढंसं आहे म्हणून आकाश मोठं दिसतंय. आपला अरबी वाचणारा उजवीकडून येतो. तो निळ्यावरून घसरत घसरत डावीकडे खाली येईल आणि या पांढऱ्या घरापाशी थांबेल. वाटेत काही ठेवलंत तर तिथेच अडकेल. मध्ये काही म्हणजे काही नको.”

मुराद बेंनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग हसले. “उस्ताज शरीफ, या बाईंना इतके दिवस कुठे दडवून ठेवलं होतं?”

त्या संध्याकाळी रावया चार जिने एका दमात चढली. लिफ्ट कधीचीच बंद होती. वर वडील, वगदी, नेहमीसारखे खिडकीशी खुर्ची लावून बसले होते. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस. साखरेच्या आजाराने एक पाय नेला, तेव्हापासून पुलावरची रहदारी हाच त्यांचा उद्योग. कोण चुकीच्या बाजूने घुसला, कोणाचा दिवा बंद आहे, सगळं बोलून दाखवायचे. आज मात्र खिडकीबाहेर लोखंडी खांब उभे होते.

“बाबा, हे काय?”

“होर्डिंग येतंय. इमारतीचं बघणाऱ्या हज मितवल्लींनी सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. त्याच्या भाड्यातून लिफ्ट दुरुस्त होणार.”

“तुम्हीसुद्धा सही केलीत?”

“पहिली माझी!” ते हसले. “अगं, दवाखान्यातून मला चौघांनी उचलून वर आणलं, त्यानंतर मी जमीन पाहिलेली नाही. खिडकीतून किती बघायचं? खाली जाऊन बघेन.”

त्यांना पाठीवर घेऊन उतरवणं रावयाला कधीच जमलं नव्हतं.

महिनाभराने ती मायक्रोबसमधून घरी येत होती. पुलाच्या वळणावर शेजारची बाई म्हणाली, “अगो बाई, केवढं मोकळं! बघूनच गार वाटतं.”

रावयाने मान वर केली. तिचंच आकाश. रंग अगदी तिला हवे तसे उतरले होते, वर गडद, खाली विरळ होत गेलेले. आनंदाच्या भरात तिने खालून मजले मोजले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा नव्हताच. तिथे निळं होतं.

दुसऱ्या दिवशी मुराद बे एजन्सीत आले, तेव्हा तिने विषय काढला.

“त्या निळ्यामागे आमची खिडकी आहे. तेवढा एक चौकोन कापू द्या. बाकी काही नको.”

“तुमचं घर त्याच इमारतीत? वा, हा तर शुभशकुन!” मग ते गंभीर झाले. “पण आकाशाला भोक? तुम्हीच म्हणालात ना, मध्ये काही म्हणजे काही नको. मी ते सगळ्यांना सांगत फिरतो.”

बाहेर बोळात शरीफनी तिला गाठलं. “पुढचं सगळं काम त्यांनी आपल्याला दिलंय, रावया. तुझं नाव घेऊन. आता हे रडगाणं नको.”

“मी तिथे राहते, उस्ताज.”

“मग दुसरीकडे राहा!” ते बोलून गेले आणि ओशाळले. “चहा घेतेस?”

तिने चहा घेतला. दुसरीकडे कुठे राहणार? जुन्या भाड्याचं घर, सुटलं की सुटलं. नोकरीचंही तेच.

सकाळी ऊन फ्लेक्समधून गाळून आत यायचं आणि खोली निळी व्हायची. ताटातली ताअमियाची भजी निळी, बाबांचे हात निळे. वारा सुटला की कापड शिडासारखं फडफडायचं. बाबांनी तक्रार केली नाही. खुर्चीही हलवली नाही. फक्त भोंगा वाजला की विचारायचे, “ट्रक होता का गं?”

“दिसत नाही, बाबा.”

“ट्रकच असणार.”

लिफ्ट सुरू झाली त्या शुक्रवारी बाबांनी इस्त्रीचा सदरा मागितला. रावयाने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. फुटपाथवर हज मितवल्लींनी मिठी मारली, चहावाल्याने न मागता पुदिना घातलेला चहा दिला. बाबा जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी वर पाहिलं.

“हे तुझं?”

“हो.”

“आपली खोली कुठे यात?”

“तिथे. निळा फिका व्हायला लागतो ना, तिथे.”

बाबा शोधत राहिले. “नाही सापडत. डोळा खाली त्या घराकडेच जातो.” मग मान डोलावली. “चांगलं काढलंयस, पोरी. कोणाला वाटणारही नाही मागे कोणी राहतं.”

रावयाने ग्लास चहावाल्याकडे परत दिला.

“अजून थोडं बसू,” बाबा म्हणाले. ते दुपारच्या नमाजापर्यंत बसले. मग आपण होऊनच म्हणाले, “चल, तुझं काम पडलं असेल.”

लिफ्टमध्ये नवा आरसा लावला होता. बाबांनी त्यात पाहून सदऱ्याचं वरचं बटण लावलं, उरलेले केस पंजाने नीट बसवले. वर कोणीतरी वाट बघत असल्यासारखे ताठ बसले. चौथ्या मजल्यावर रावयाने कुलूप काढलं, आणि त्यांना आत नेण्याआधी, भर दुपारी, हात घालून दिवा लावला.