अलुच ओवणारे दाभण

ज्या वर्षी दुर्मुशची धाकटी बहीण सासरी गेली, त्या वर्षी माझा जन्म झाला. तिच्या गादीसाठी घरात मेंढ्यांची लोकर विंचरणे चालले होते. फणी होती दुर्मुशच्या बायकोच्या हातात. तिचे नाव गुलिझार, तीही घरात नवीनच. फणीचा एक दात मोडला. सासू म्हणाली, या पोरीच्या हाती लोखंडही टिकत नाही.  गुलिझारने मोडका दात रुमालाच्या टोकाला बांधला आणि फिरता लोहार गावात आला तेव्हा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो तापवला, ठोकला, एका बाजूला टोक काढले, दुसरीकडे नेढे पाडले. मित्रांनो, तेच मी. मी एक जुने दाभण आहे.

मी पोती शिवली, खोगिरे शिवली, तीन बाळंतपणांच्या गाद्या शिवल्या. पण माझे खरे काम थंडीच्या तोंडावर असे. तेव्हा डोंगरउतारावर अलुच पिकतो. बोराएवढे पिवळे फळ, आंबटगोड, जरा पिठूळ; सफरचंदाच्या भाऊबंदांतले. गुलिझार फळे तोडायची, मग दोऱ्यात ओवून माळा करायची आणि रस्त्याच्या कडेला काठीवर टांगायची. मुले माळ गळ्यात घालत आणि घर येईपर्यंत निम्मी खाऊन टाकत.

ओवणे दिसते तेवढे सोपे नाही. गाभ्यात तीन-चार बिया असतात, दगडासारख्या. त्यांच्या मधल्या फटीतून दाभण न्यावे लागते. गुलिझार खाली पाहतही नसे. बोटांनी फळ जरासे फिरवी आणि मला पलीकडे काढी. तीस-पस्तीस वर्षांत मी कधी बीला अडखळले नाही.

मग मुलाचे लग्न झाले आणि नाझिफे सून म्हणून आली. पहिल्याच हंगामात तिने कुठल्याशा झुडपाची लाल फळे टोपलीभर आणली. गुलिझारने टोपली अंगणात उलटी केली.

"अलुचाचं पान कोंबडीच्या पायासारखं चिरलेलं असतं. हे अखंड आहे. दोन्ही झाडांना काटे आहेत म्हणून काय ती भावंडं झाली? तुझ्या माहेरी झाडं नव्हती का?"

"होती," नाझिफे म्हणाली. "पण त्यांच्याखाली सासू बसलेली नसायची."

दुर्मुश इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवसापासून दोघींचे जमले. गुलिझारने तिला सगळे शिकवले. आधी पान बघायचे, मग काटा, मग फळ फोडून बिया. बिया चावायच्या नाहीत. शेंड्याची फळे पाखरांना ठेवायची. ठेचलेली फळे, पाणी, थोडा मध आणि मूठभर हरभरे बरणीत घालून वर फडके बांधायचे. चाळीस दिवसांनी आंबट शिरका तयार होतो. नाझिफे शेजारणींची निंदा करू लागली, की गुलिझार मला तिच्या नाकापुढे धरून म्हणायची, "सुई आधी स्वतःला टोचून बघावी, मग दाभण दुसऱ्याला." आपले नाव म्हणीत आहे याचा मला फार अभिमान वाटे.

एकदा जिना चढताना दुर्मुश छाती धरून बसला. गावातले लोक म्हणाले, अलुचाचा शिरका पाज, हृदयाला त्याच्यासारखे दुसरे नाही. शिरका तर घरातच होता. तरी गुलिझारने त्याला बसमध्ये घालून शहरात नेले. तो सारा रस्ता कुरकुरत होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितले की शिरक्याच्या भरवशावर गोळी सोडायची नाही, आणि शिरका घ्यायचा तर त्यांना विचारून. गुलिझार रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहायची आणि गोळी गिळेपर्यंत हलायची नाही.

पुढे सहा वर्षांनी, भर हंगामात, माझे टोक एका बीवर आपटले. मला वाटले, चुकून झाले. दुसऱ्या दिवशी चारदा आपटले. मी तिच्या बोटांत होते, म्हणून मला कळले. बोटे थंड होती आणि ओल्या घामाने मी निसटत होते. झाडाखाली ती मधेच थांबायची, डावा खांदा चोळायची आणि कोणी पाहिले तर म्हणायची, वारा लागला. घरी आली की चमचाभर शिरका प्यायची. मित्रांनो, लोखंडाला तोंड नसते. मी फक्त वाकू शकत होते. मी वाकले.

नाझिफेने मला उचलून उजेडात धरले. "आई, हे वाकलं कसं?"

"फळं टणक आहेत यंदा."

नाझिफेने एक फळ चावले. ते लोण्यासारखे मऊ होते.  मग तिने मला सासूच्या मांडीवर ठेवले.

"बाबांना गोळी गिळल्याशिवाय सोडत नाही तुम्ही. सुई आधी स्वतःला, असं मला कोणी शिकवलं?"

गुलिझार हसली. मला वाटते, तिला ते लागले होते. "बरं बाई, टोचलीस. एवढ्या टोपल्या ओवून होऊ देत. गुरुवारच्या बसने जाऊ."

आता मी भिंतीवरच्या लोकरीच्या नमद्यात खोचलेले आहे. माझ्या अंगावर गंज आहे, टोक अजून वाकडेच आहे. नाझिफे मला ओवायला घेत नाही आणि मला सरळही करत नाही. गावातल्या एखाद्या बाईने "वारा लागला" म्हटले, की नाझिफे मला काढून त्या बाईच्या हातात देते आणि बसची वेळ सांगते. एवढेच काम उरले आहे, आणि तेही मला जड वाटते. मी फार थकले आहे. मित्रांनो, अलुच खा, माळा घाला, पान ओळखायला शिका. पण घरात जो सगळ्यांना औषध देतो, त्याच्या बोटांना अधूनमधून हात लावून पाहा. ती थंड असतील तर टोपल्या तशाच सोडा.

दुर्मुश त्या हंगामानंतर अकरा वर्षे जगला आणि झोपेत वारला. गुलिझार मात्र त्या गुरुवारच्या बसच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, अलुचाखाली वारली होती.