माझ्या पोटातली सत्तावीस बोचकी

मित्रांनो, ओळख करून द्यायची तर मी एक जुने वॉशिंग मशीन आहे. तुमच्या घरातल्या कोपऱ्यात बसून, काम संपले की गाणे वाजवणारे नाजूक मशीन नव्हे. मी लाँड्रीतले. माझे पोट एवढे मोठे की त्यात दोन माणसे मांडी घालून बसतील. दार जाड लोखंडाचे, त्याला काचसुद्धा नाही. कपडे पिळताना मी अशी थरथरते की भिंतीवरचे घड्याळ वाकडे होते. वयाचा आकडा मात्र विचारू नका. एका बँकेतल्या साहेबांनी तो विचारला होता आणि ऐकून ते हसले होते. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

माझी पहिली नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात. चौदा वर्षे मी तिथे चादरी धुतल्या. कौतुक म्हणाल तर शून्य. स्वच्छ चादर दिसली की कुणाला मशीन आठवत नाही, डाग राहिला की मात्र सगळ्यांना आठवते. पुढे नवी मशीन आली आणि मला मागच्या अंगणात नेऊन ठेवले. दोन वर्षे मी उन्हापावसात उभी होते. एका मांजरीने माझ्या पोटात चार पिल्ले वाढवली, तेवढीच काय ती सोबत. पिल्ले गोड होती, पण मशीनला काम लागते हो!

मग एके दिवशी बाबा आले. बाबा तेव्हा हातांनी कपडे धुणारे परीट होते. साबणाच्या पाण्याने त्यांची बोटे फुटलेली असायची. भंगारवाल्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा थोडे जास्त देऊन त्यांनी मला घरी आणले. बेअरिंग बदलले, पट्टा बदलला, गंज घासून काढला. त्यांची मुलगी तेव्हा शाळेत होती. तिने बटण दाबले आणि मी कुरकुरत का होईना, फिरले. "फिरलं! बाबा, फिरलं!" म्हणत ती माझ्याभोवती नाचली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, खरे सांगते, त्या दिवशी मी जरा जास्तच फेस काढला.

बाबांच्या लाँड्रीचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचे मळके कापड तिसऱ्या माणसाच्या दृष्टीस पडू द्यायचे नाही. बोचके बांधलेले यायचे आणि माझ्या दारापाशीच सुटायचे. "माणूस आपली घाण आपल्या हवाली करतो," बाबा म्हणायचे, "याहून मोठा विश्वास कोणता?" कुणाच्या चादरीवर औषध सांडलेले, कुणाच्या उशीचा अभ्रा आसवांनी ओला झालेला. हे सगळे मला ठाऊक असे. पण माझे तोंड म्हणजे दार, आणि ते घट्ट बंद.

वर्षे गेली. ती नाचणारी मुलगी मोठी झाली आणि दुकान सांभाळू लागली. सगळे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते. बाबा इस्त्रीच्या टेबलापाशी बसू लागले. हात थकले होते, जीभ अजून ताजी होती.

मग मुख्य रस्त्यावर एक चकचकीत लाँड्री उघडली आणि आमची गिऱ्हाइके हळूहळू गळू लागली. ताईने हार मानली नाही. तिने धावपळ करून मुलींच्या एका वसतिगृहाचे काम मिळवले. दर आठवड्याला दोनशे चादरी! ते काम हातात राहिले तर दुकान तरणार होते. नाहीतर दुकानाचे भाडेसुद्धा निघणार नव्हते, कुलूप लागणार होते. आणि कुलूप लागले की माझी रवानगी कुठे, हे तुम्हीच ओळखा. पण एवढ्या चादरी मला एकटीला झेपणार नव्हत्या. दुसरे मशीन आणि कपडे वाळवायचे यंत्र घ्यायला हवे होते, त्यासाठी कर्ज हवे होते, आणि वसतिगृहाने मुदत दिली होती महिनाअखेरपर्यंत.

ताई तीन बँकांत गेली. पहिली म्हणाली, घर भाड्याचे, दुकान भाड्याचे, मग तारण काय? दुसरीने तीन वर्षांचे ताळेबंद मागितले. आमच्याकडे होती एक वही, साबणाच्या पाण्याने फुगलेली. तिसऱ्या बँकेचे साहेब स्वतः दुकानात आले, तेव्हा मी फुशारून गेले होते. त्यांनी माझे वय विचारले, हसले आणि म्हणाले, "हे तारण ठेवलंत तर उचलून न्यायचा खर्च आमच्याच अंगावर पडेल." ताईसुद्धा त्यांच्याबरोबर हसली, पण ते गेल्यावर माझ्या पत्र्याला टेकून बराच वेळ उभी राहिली.

वाट दाखवली ती मागच्या गल्लीतल्या नर्सबाईंनी. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. पांढरे गणवेश आम्हीच धुवायचो.

"बँक नाही म्हणाली म्हणजे सगळं जग नाही म्हणालं का गं?" त्या ताईला म्हणाल्या. "आमच्या पतसंस्थेत अर्ज कर. सभासदांनी पैसे साठवून चालवलेली आहे. व्याज बँकेपेक्षा थोडं जास्त पडतं, खोटं कशाला सांगू? पण तिथल्या बाई दुकानात येऊन काम बघतात, मग ठरवतात."

ताईने त्याच दिवशी अर्ज केला. पतसंस्थेच्या बाई बुधवारी येणार असे ठरले.

आणि इथे बाबांनी घोळ घातला. बुधवारी ताई वसतिगृहाचे पत्र आणायला गेली होती, तेवढ्यात त्यांनी दुकान लख्ख केले. फरशी कोरडी केली. कामाच्या बादल्या माळ्यावर गेल्या. इस्त्री केलेले कपडे आतल्या खोलीत गेले. आणि धुवायला आलेली सत्तावीस बोचकी? ती त्यांनी माझ्या पोटात कोंबली, गुडघा लावून दार दाबले आणि खटका लावला. "परक्या बाई येणार. त्यांच्यापुढे लोकांची धुणी मांडायची? झाकली मूठ सव्वा लाखाची," असे ते मला म्हणाले. मी काय बोलणार? माझ्या तोंडात सत्तावीस बोचकी होती.

ताई आणि पतसंस्थेच्या बाई दारात एकदमच पोचल्या. दुकान बघून ताईचा चेहरा पडला. सगळीकडे शुकशुकाट. एक थेंब पाणी नाही, एक कपडा नाही.

"काम बंद असतं का बुधवारी?" बाईंनी विचारले.

"नाही हो, रोज असतं!" ताई म्हणाली. ती बाबांकडे बघत होती, बाबा छताकडे.

"बरं, मशीन चालू करून दाखवा."

ताईला बिचारीला माझ्या पोटातले काय माहीत! तिने बटण दाबले. मी जिवाच्या आकांताने जोर लावला. घूं केले, एकदा हिसका दिला आणि बंद पडले. मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नेमक्या त्या क्षणी मी तिला दगा दिला होता. बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि पर्स खांद्याला लावली.

त्या निघणार, एवढ्यात नर्सबाई लगबगीने आत आल्या. "आजोबा, सकाळचं माझं बोचकं अजून धुतलं नसेल तर परत द्या. घरीच धुते. संध्याकाळी ड्युटी आहे, आज दुसरा गणवेश नाही माझ्याकडे."

"जरा वेळाने या ना," बाबा पुटपुटले.

"वेळाने कसं? वाळायला नको का?"

बाबांनी एकदा नर्सबाईंकडे पाहिले, एकदा पतसंस्थेच्या बाईंकडे. मग नाइलाजाने खटका काढला. माझे दार धाडकन उघडले आणि बोचक्यांचा लोंढा बाहेर आला. त्यातले एक सुटून थेट पतसंस्थेच्या बाईंच्या पायांशी पडले. त्या वाकल्या आणि त्यातली एक चादर उचलू लागल्या. बाबांनी झडप घालून ती त्यांच्या हातातून ओढून घेतली.

"हात लावू नका!"

"बाबा!" ताईचा आवाज चिरकला. जिच्या हातात आमचे सगळे भवितव्य, तिच्याच हातातून ओढून घेतले होते त्यांनी!

बाबा चादरीची घडी घालत म्हणाले, "माफ करा बाई. पण ही दुसऱ्याची आहे आणि मळकी आहे. ती मी माझ्या पोरीच्या कर्जासाठीही कुणाला दाखवणार नाही. धुतलेलं काय ते बघा."

बाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "दाखवा मग धुतलेलं."

ताईने आतल्या खोलीचे दार उघडले. फळ्यांवर घड्या केलेले कपडे रचून ठेवले होते. प्रत्येकावर कापडी बिल्ला टाचलेला. बाईंनी एक शर्ट उलटून कॉलर पाहिली. फुगलेली वही उघडली आणि तिथेच स्टुलावर बसून पानामागून पान वाचली. वसतिगृहाचे पत्र दोनदा वाचले.

"तुमची वही ओली आहे, पण खोटी नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला ओळखणारे दोन जामीन लागतील. आमचे सभासद हवेत."

"एक मी," नर्सबाई म्हणाल्या. बोचके अजून त्यांच्या काखेत होते.

बाबा ताठ झाले. "आम्ही आजवर कुणाकडे काही मागितलं नाही."

"तुम्ही कुठे मागताय? मी देतेय. पंधरा वर्षं माझी धुणी पोटात ठेवलीत तुम्ही, मला एक सही ठेवू द्या की!"

दुसरी सही शेजारच्या न्हाव्याने केली. तोही सभासद होता आणि त्याचे टॉवेल माझ्याकडेच येतात. जाताना पतसंस्थेच्या बाईंनी शाईचा डाग पडलेली आपली ओढणी बाबांच्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "कुणाला दाखवू नका." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

महिना संपायला पाच दिवस असताना वाळवायच्या यंत्रासोबत नवे मशीन आले. त्याला काचेचे गोल दार आहे, आत चाललेले सगळे जगाला दिसते. बाबांनी पहिल्याच दिवशी त्या काचेला पडदा लावला. मला वाटले, आता आपली भंगाराची वेळ. पण ताईने मेकॅनिकला सांगितले, "आधी जुन्याचं बेअरिंग बघा. दोघांनाही काम आहे." तेव्हापासून आम्ही दोघी मिळून दोनशे चादरी धुतो. ती नवी गाणे वाजवते, मी घड्याळ वाकडे करते. दुकानात दिवसभर धमाल असते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जरा तेलपाणी करत जा. आणि माणसांचेही तसेच असते, हे मला गेल्या आठवड्यात कळले. कोपऱ्यावर चपला दुरुस्त करणारी एक बाई बसते. तिला शिवणयंत्र घ्यायचे आहे. बँकांनी तिला हाकलले होते. पतसंस्था तयार होती, पण एक जामीन कमी पडत होता. ती दुकानाबाहेर घुटमळत होती, आत येऊन विचारायची तिची हिंमत होत नव्हती.

बाबांनी इस्त्री उभी केली आणि स्वतःच बाहेर गेले.

"कागद आण इकडे," ते म्हणाले. "मीही आता सभासद आहे."

टेबलावर कपडे होते, म्हणून त्यांनी कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि ठळक अक्षरांत सही केली. मी तेव्हा चादरी पिळत होते. त्यामुळे ती सही पार नागमोडी आली. पतसंस्थेत कुणी म्हणाले की म्हाताऱ्याचा हात कापत होता, तर त्यांना सांगा, हात अजिबात कापत नव्हता. ती माझी थरथर होती.