तिला बटण लावायला शिकवलं

विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहासमोर माझं शिवणाचं दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक स्टूल आणि माझं तोंड. ते मशीनपेक्षा जास्त चालतं, असं आमचे हे म्हणतात.

त्या मुलीला मी मनात ‘गाडीवाली’ म्हणायचे. दर शनिवारी तिला न्यायला ड्रायव्हरसकट गाडी यायची. एरवी दोन-चार दिवसांआड तीच माझ्याकडे यायची, शर्टाचं बटण तुटलं म्हणून. ‘ठेवून जा’ म्हटलं तरी स्टुलावर बसून राहायची. दोरा कात्रीने कापलाय, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. श्रीमंतांचे चोचले, म्हणून सोडून दिलं.

एकदा तिने विचारलं, “मावशी, शिवताना तुमचे ओठ हलतात. प्रार्थना करता?”

“कसली प्रार्थना? टाके मोजते.”

ती हसली नाही. “मला काही सांगावंसं वाटलं, तर सुरुवातच जमत नाही. देवाजवळसुद्धा. घरी सगळं आहे, मग रडायचं कशाबद्दल?”

माझ्यापुढे गणवेशांचा ढीग पडला होता. मी सुई तिच्या हातात दिली. “रिकामं डोकं वाईट. बटण लावायला शिक, म्हणजे इथे ताटकळायला नको.” पोरगी हुशार, एका दमात शिकली.

“आता यायची गरज नाही ना?” जाताना तिने विचारलं.

“अजिबात नाही,” मी म्हटलं. वर, केवढं भलं केलं म्हणून खूश झाले.

ती खरंच आली नाही.

दोन महिन्यांनी तिची आई आली. स्टुलावर बसली, हातात तोच शर्ट. “शिक्षण सोडून घरी आलीय. खोलीतून बाहेर येत नाही, कुणाशी बोलत नाही. काल हा दिला आणि म्हणाली, मावशींकडूनच लावून आण.” मग तिने विचारलं, “तुमच्याशी काय बोलायची ती?”

“मी बोलूच दिलं नाही हो,” मी म्हटलं. माझी मलाच लाज वाटली.

शर्टाला एकही बटण नव्हतं. सातही खिशात होती.

मी गणवेश बाजूला सारले आणि सुई ओवली. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. माझे ओठ हलत असणार. टाके मात्र मी मोजत नव्हते.