वाचता येऊ नये म्हणून

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नसणार. माझे काम मात्र कधीतरी तुमच्या डोळ्यांसमोरून गेले असेल आणि तुम्हाला त्यातले अक्षरही कळले नसेल. त्यात तुमची चूक नाही. वाचणाऱ्याला काही कळू नये, हेच माझे काम. सरळ लिहिलेला कोड माझ्याकडे द्यायचा आणि मी तो असा गुंतवून परत करायचा की तो चालेल पहिल्यासारखाच, पण वाचायला घेतला तर डोके गरगरावे.

माझा जन्म एका शिवणकामाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. खाली आई कपडे शिवायची. तापलेल्या इस्त्रीचा वास जिन्याने वर यायचा. वर तिची मुलगी आणि धाकटा मुलगा कॉम्प्युटरसमोर बसायचे. मुलीला सगळे ताई म्हणत, आणि मुलाला धाकटा. त्यांच्याबरोबर आणखी एक जण काम करायचा. तो दिवसभरात चार वाक्ये बोलला तरी पुष्कळ, म्हणून त्याचे नाव पडले होते मौनी. वेबसाइट वापरून पाहायची आणि कुठे अडते ते सांगायचे, हे त्याचे काम.

आईच्या कटिंगचे नाव होते. ज्याचा एक खांदा उतरता आहे किंवा ज्याच्या पाठीला बाक आहे, त्याला तयार कपडा कधी नीट बसत नाही. आईने शिवलेला बसायचा. बाहीसाठी मुंडा किती खोल कापायचा, कापड कुठे सैल सोडायचे, हे ताईने आईच्या शेजारी उभे राहून शिकून घेतले आणि त्याची वेबसाइट केली. कुठल्याही गावच्या शिवणाऱ्या बाईने आपल्या गिऱ्हाइकाची मापे टाकावीत आणि कात्री कुठून चालवायची त्याची आकृती समोर यावी. बायका खूश झाल्या. एकीने दुसरीला सांगितले, दुसरीने तिसरीला.

मग एके दिवशी मौनीने ताईला एक दुसरीच वेबसाइट दाखवली. रंग वेगळे, नाव वेगळे. आकृत्या मात्र हुबेहूब. ताईने त्या वेबसाइटचा कोड उघडला आणि ती पाहतच राहिली. स्वतःसाठी म्हणून तिने आपल्या कोडमध्ये एक टीप लिहिली होती, "आई म्हणते, इथे हात सैल सोड." चोराने ती टीपही पुसली नव्हती.

"यानं माझी आईसुद्धा चोरली!" ताई म्हणाली. तिला हसू येत होते आणि डोळे भरले होते.

मित्रांनो, चोराला कुलूप फोडावे लागले नव्हते. ब्राउझरकडून काम करून घ्यायचे तर कोड त्याच्या हाती द्यावाच लागतो. म्हणजे तो वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जातो, आणि ज्याला वाचता येते तो वाचतो. हे ताईला ठाऊक नव्हते असे नाही. पण ठाऊक असणे वेगळे आणि अंगावर येणे वेगळे.

त्यातून तिने मला लिहिले. मी 'खांदा', 'कंबर' अशी कळणारी नावे काढून तिथे निरर्थक अक्षरे घालू लागलो. सरळ ओळी तोडून त्यांचे तुकडे लांब लांब पांगवले. कुठेच न पोचणाऱ्या वाटा मुद्दाम काढून ठेवल्या. माझे पहिले काम पडद्यावर आले तेव्हा आई चहा घेऊन वर आली होती.

"अगं बाई, हे काय? कंगव्यातली गुंतवळ दिसतेय नुसती!"

तेच माझे नाव झाले. गुंतवळ.

माझे कौतुक खूप झाले. ताईने आकृत्यांमध्ये सुधारणा केल्या, मी त्या गुंतवल्या आणि चोराला पुढचे काही उचलता येईना. त्याची वेबसाइट मागे पडली आणि एक दिवस उघडेनाशी झाली. धाकटा भेटेल त्याला सांगायचा, "आमच्या गुंतवळीत बोट घालून दाखवा!"

पण एकदा चोरी झाली की घरात काहीतरी बदलते. ताईने आपला पडदा भिंतीकडे वळवून ठेवला. फोनवर बोलताना ती आवाज उतरवू लागली. मूळ कोड ती आणि धाकटा सोडून कोणी पाहायचा नाही, असे तिने ठरवले. मौनीला तपासायला मिळे तो माझ्या हातून गेलेला कोड. त्याने मान हलवली आणि तो कामाला लागला. त्याला काय वाटले ते त्याने सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

आणि मग तो फोन आला. लांबच्या गावची एक शिवणारी बाई होती. घोगरा आवाज, बोलणे एकदम तोडून टाकल्यासारखे.

"मी तुमच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांची नावं, फोन, मापं टाकते. ती कुठं जातात हो?"

"कुठंच नाही," ताई म्हणाली. "तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात. आमच्याकडेसुद्धा येत नाहीत."

"येत नाहीत ना? मग माझ्या एका गिऱ्हाइकाला कुठल्या पुरुषाचा फोन आला आणि त्यानं तिला तिची सगळी मापं वाचून दाखवली, ती त्याला कुणी दिली? छातीपासून सगळी. पोरगी रडून रडून आजारी पडलीय. तिचा नवरा माझ्या दुकानासमोर उभा राहून ओरडून गेला, की मीच विकली म्हणून."

त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणांहून अशीच तक्रार आली.

आता त्या दोन खोल्यांत कोणी कोणाशी मोकळेपणाने बोलेना. कोणी उठून बाहेर फोनवर बोलायला गेले की बाकीचे पाठमोऱ्याकडे पाहत राहत. धाकट्याने तर मनात निकालही लावून टाकला होता.

"ताई, तू आणि मी सोडलो तर उरतं कोण?"

"तो तसा नाही रे."

"तसा म्हणजे कसा? बोलतच नाही तो. त्याच्या मनात काय चालतं, तुला काय माहीत?"

मौनी त्या दिवसांत डोके वर न काढता काहीतरी शोधत होता. वेबसाइट उघडली की ब्राउझरमधून कोणकोणते निरोप बाहेर जातात, ते तो पाहत होता. एका दुपारी तो ताईच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"एक निरोप बाहेर जातोय. आपला नाही. कुठून निघतो ते शोधतोय, पण या गुंत्यात वाचता येत नाही. मला मूळ कोड द्या."

ताई काही बोलायच्या आत धाकटा उठला. "आत्ताच कशाला हवाय तुला मूळ कोड?"

"वाचायला."

"इतके दिवस नाही वाटलं वाचावंसं? आता सगळं हातात घेऊन कुणाला नेऊन देणार आहेस? बायकांची मापं पुरली नाहीत?"

मौनीचा चेहरा पडला. तो ताईकडे पाहत राहिला. ताईने मान खाली घातली. धाकट्याने त्याला पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. डबा, छत्री, गोळ्यांची एक पट्टी, मुलीसाठी घेतलेले रंगीत खडू. मौनीने एकेक वस्तू परत आत ठेवली.

"पिशवी बघितलीत," तो म्हणाला. "आता कोडही बघा." आणि तो जिना उतरून गेला.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. बोलता आले असते तरी मी काय सांगितले असते? माझ्याकडे जे येते ते मी गुंतवतो. ते कोणाचे, कशासाठी, हे ओळखायला मला कोणी शिकवलेले नाही.

मौनी काम सोडून गेला, तरी तक्रारींचे फोन थांबले नाहीत. धाकटा भेटेल त्याला सांगू लागला, "जाताना काहीतरी ठेवून गेला असणार." संशयाचे हे असेच असते. त्याला माणूस समोर असला तरी सापडतो आणि नसला तरी सापडतो.

पुढे काय झाले ते ऐका. एका सकाळी धाकटा काही विचारायला ताईजवळ आला, आणि तिने पटकन पडद्यावरचे पान बंद केले. लपवण्यासारखे काहीच नव्हते त्यावर. आपला हात आपोआप गेला हे तिला स्वतःलाच मागाहून कळले. धाकटा एक पाऊल मागे सरला.

"माझ्यापासूनपण?"

खरे सांगायचे तर आदल्या रात्री ताईच्या मनात तेही येऊन गेले होते. धाकट्याने खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "वेबसाइट बंद कर. मूळ कोड काढ. दोघं मिळून वाचू. मी लिहिलेलं तू वाच, तू लिहिलेलं मी वाचतो."

त्यांनी मला बाजूला ठेवले आणि वाचायला बसले. ताईने लिहिलेल्यात काही नव्हते, धाकट्याने लिहिलेल्यातही नव्हते. मग त्यांनी बाहेरून आणलेले तुकडे उघडले. कपडा कोणत्या तारखेला द्यायचा ते निवडायला एक छोटेसे कॅलेंडर होते. असल्या गोष्टी कोणी स्वतः लिहीत बसत नाही. इंटरनेटवर तयार मिळतात, फुकट. धाकट्यानेच ते आणले होते, आणि त्याची नवी आवृत्ती आली की ती आपोआप यावी, अशी सोय करून ठेवली होती. मधल्या काळात ते कॅलेंडर कोणा दुसऱ्याच्या हातात गेले होते. त्या माणसाने तारखांच्या आड चार ओळी घातल्या होत्या. पानावरच्या प्रत्येक रकान्यात जे लिहिले जाईल ते वाचायचे आणि गुपचूप बाहेर पाठवायचे.

उघड्यावर त्या ओळी कोणाच्याही नजरेत भरल्या असत्या. पण त्या बाकीच्या कोडबरोबर माझ्याकडे आल्या. मी त्यांची नावे बदलली, त्यांना तोडले, पांगवले, त्यांच्याभोवती खोट्या वाटा रचल्या. आईच्या कटिंगची राखण मी जेवढ्या मनापासून केली, तेवढ्याच मनापासून या नव्या चोराचीही केली. म्हणून तर मौनीला इतके शोधूनही ते सापडले नाही.

धाकट्याने ते पुन्हा पुन्हा वाचले. "मी आणलं," एवढेच तो म्हणाला.

ताईने ते कॅलेंडर उपटून टाकले. मग एकेका शिवणाऱ्या बाईला तिने स्वतः फोन केला. काय झाले, कोणामुळे झाले, काहीही झाकले नाही. ज्या नवऱ्याने दुकानासमोर तमाशा केला होता, त्यालाही फोन करून सांगितले की, "त्या बाईंची यात काही चूक नाही, चूक आमची आहे." पुष्कळ जणी सोडून गेल्या. घोगऱ्या आवाजाची बाई म्हणाली, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. पण मी आता मापं खडूनं पाटीवर लिहिणार आणि कपडा झाला की पुसून टाकणार." तिच्यावर रागावणार तरी कोण?

मौनी आता एका छापखान्यात कामाला होता. बहीणभाऊ दोघेही तिथे गेले. मशीनच्या आवाजात धाकट्याला आपले बोलणे दोनदा सांगावे लागले, आणि दुसऱ्यांदा माफी मागणे पहिल्यापेक्षा अवघड असते. मौनीने हात पुसले.

"मी नव्हतो हे मला माहीतच होतं," तो म्हणाला. "मला नका सांगू. घरी सांगा."

ताई त्याच्या घरी गेली. त्याच्या बायकोने तिला पाणी दिले, खुर्ची दिली आणि समोर उभी राहून सगळे ऐकून घेतले. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"लोक काय काय बोलत होते, ताई. आणि मी... मीपण त्यांचा फोन उघडून बघितला हो. ते अंघोळीला गेले असताना. मी रोज बघायचे." तिने पदर तोंडाला लावला. "त्यांना माहीत होतं. फोन ते मुद्दाम उघडाच ठेवून जायचे."

ताई तिच्याजवळ जमिनीवर बसली.

मौनी परत आला नाही. छापखान्यात त्याचे बरे चालले आहे, असे ऐकतो.

ताईची वेबसाइट आता लहान आहे, पण चालू आहे. माणसांची नावे आणि मापे ज्या कोडमधून जातात तो आता गुंतवत नाहीत. तो सरळ, उघडा असतो आणि कोणीही वाचावा असे पानावर लिहिलेले आहे. आईच्या कटिंगचा भाग तेवढा माझ्याकडे येतो, तोही बाहेरच्या एका जाणत्या बाईने ओळ न ओळ वाचून झाल्यावर. आता कामापेक्षा मी बसूनच जास्त असतो. त्याचे मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, आपले कष्ट कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून ते झाकावेसे वाटणे वावगे नाही. त्यासाठी मी आहे, आणि माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत. पण झाकण्याआधी आपण काय झाकतो आहोत ते एकदा उघड्या उजेडात वाचून घ्या. फुकट मिळाले, आपोआप आले, म्हणून न पाहता आत घेऊ नका. आणि कधी काही बिघडले, संशय घ्यायची वेळ आली, तर तो आधी माझ्यावर घ्या. मला खुशाल सोडवा, उलटेपालटे करा, ओळ न ओळ तपासा. मला काही लागत नाही. माणसाला लागते.